विश्लेषण : पोकेमॉनचे एक कार्ड तीन कोटींचे, दुसरे चार रुपयांचे... फरक नेमका कशात?

शाळेजवळच्या दुकानातील सोनेरी ‘चारिझार्ड’ आणि अमेरिकेतील लिलावात विकला गेलेला कागदी ‘चारिझार्ड’ यांचे नाव एकच. किंमत मात्र ठरते ती चित्राच्या चौकटीलगतच्या सावलीवर, एका छोट्या शिक्क्यावर आणि तळाशी छापलेल्या बारीक ओळीवर.

ठाण्यात खोपट एसटी स्थानकाच्या आसपास असो वा कल्याण-डोंबिवलीत, शाळेच्या रस्त्यावरील स्टेशनरीच्या दुकानांत वह्या-पेनांशेजारी सोनेरी प्लास्टिक कार्डांचे डबे हमखास दिसतात. पन्नास-पंचावन्न कार्डांचा डबा दोन-अडीचशे रुपयांना मिळतो, म्हणजे एक कार्ड चार-पाच रुपयांना पडते. त्यातला पंख पसरलेला, तोंडातून आग ओकणारा नारिंगी ड्रॅगन म्हणजे चारिझार्ड. मधल्या सुट्टीत याच एका कार्डासाठी पाच-सहा कार्डे मोजली जातात. मग कोणी तरी मोबाइलवर या कार्डाची किंमत शोधतो आणि पडद्यावर आकडा येतो कोट्यवधींचा. घरी आल्यावर प्रश्न ठरलेला असतो, ‘आपल्याकडचे विकले तर?’ हल्ली हा प्रश्न मुलांइतकाच पालकही विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर या कार्डाच्या छपाईच्या इतिहासात आहे.

हे कार्ड आले कुठून?

पोकेमॉनचा जन्म व्हिडीओ गेम म्हणून जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये झाला. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्यावर आधारित पत्त्यांचा खेळ बाजारात आला. मीडिया फॅक्टरी या कंपनीने काढलेल्या पहिल्या संचात १०२ प्रकारची कार्डे होती. चारिझार्डचे चित्र मित्सुहिरो अरिता यांचे. तेच चित्र पुढे जगभर गेले.

जपानी कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात दुर्मीळता सांगणारी खूण असते. गोल म्हणजे सर्रास मिळणारे, चौकट म्हणजे त्याहून कमी मिळणारे आणि चांदणी म्हणजे दुर्मीळ. अगदी पहिल्या छपाईत ही खूणच नव्हती. त्यामुळे आज जपानी संग्राहक ‘खूण नसलेले’ कार्ड शोधत असतात. ज्या कार्डावर दुर्मीळ असल्याची खूण नाही तेच सर्वात दुर्मीळ, असा हा मामला आहे.

इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत ९ जानेवारी १९९९ रोजी आली. ती काढली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने. संच तोच, १०२ कार्डांचा. चारिझार्डचा क्रमांक ४/१०२. दुकानात मिळणाऱ्या बंद पाकिटात ११ कार्डे असत आणि त्यातले एकच दुर्मीळ वर्गातले. चकाकत्या फॉइलचे कार्ड साधारण तीन पाकिटांमागे एक निघे आणि पाकिटांतून मिळणारी अशी कार्डे होती १५ प्रकारची. या हिशेबाने एक चारिझार्ड मिळवायला सरासरी ४५ पाकिटे फोडावी लागत. पाकिटांचा अख्खा खोका घेतला तरी त्यात ३६ पाकिटे. म्हणजे खोका फोडूनही चारिझार्ड निघेलच याची खात्री नाही. या कार्डाभोवतीची पुढची सगळी वेडेपणाची कथा इथून सुरू होते.

एकाच चारिझार्डच्या किती छपाया?

मागणी इतकी वाढली की विझार्ड्सने हाच संच पुन्हा पुन्हा छापला. प्रत्येक वेळी काही ना काही बारीक बदल झाला. त्या वेळी हे बदल कोणाच्या फारसे ध्यानात आले नाहीत. आज त्यांच्यावरच बाजार चालतो.

सर्वात आधीची छपाई म्हणजे ‘फर्स्ट एडिशन’. चित्राच्या चौकटीखाली डाव्या बाजूला छोट्या काळ्या वर्तुळात इंग्रजी १ आणि ‘एडिशन’ असा शिक्का असतो. त्यानंतरच्या काही कार्डांवर शिक्का नाही, पण बाकी सगळे तसेच. यांना संग्राहक ‘शॅडोलेस’, म्हणजे सावली नसलेली कार्डे म्हणतात. नंतरच्या, ‘अनलिमिटेड’ छपाईत चित्राच्या चौकटीच्या उजव्या आणि खालच्या बाजूला करडी सावली टाकण्यात आली. त्यामुळे चित्र उठून दिसू लागले, अक्षरेही थोडी जाड झाली. दुकानांतून सर्वाधिक खपली ती हीच कार्डे.

तळाची ओळही बदलली. शिक्क्याच्या आणि सावली नसलेल्या कार्डांवर निन्टेंडोच्या नावाआधी ‘१९९५, ९६, ९८, ९९’ अशी वर्षे आहेत. अनलिमिटेडमध्ये त्यातले ‘९९’ गेले. यानंतर ब्रिटनमध्ये विकली गेलेली एक छपाई आहे, तिच्यावर विझार्ड्सच्या नावाआधी ‘१९९९-२०००’ असे छापले आहे. जाणकार भिंग घेऊन कार्डाच्या तळाकडे आधी पाहतात आणि ड्रॅगनकडे नंतर, ते यामुळेच.

पुढे हे कार्ड इतर संचांतूनही येत राहिले. २००० मधील ‘बेस सेट २’मध्ये त्याचा क्रमांक ४/१३० झाला. २००२ मधील ‘लेजेंडरी कलेक्शन’मध्ये तो ३/११० झाला आणि त्यात चित्राऐवजी आजूबाजूचा भाग चकाकणारा एक वेगळा प्रकारही होता. २००३ मध्ये विझार्ड्सकडचे हक्क गेले आणि पोकेमॉनच्या मूळ मालकांनी कारभार स्वतःकडे घेतला. २०१६ च्या ‘इव्होल्यूशन्स’मध्ये जुन्या धाटणीचा चारिझार्ड ११/१०८ या क्रमांकाने आला. सर्वाधिक गोंधळ होतो तो २०२१ च्या ‘सेलिब्रेशन्स’ संचातील कार्डाने. पंचविसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या या कार्डाचे चित्र तेच आणि क्रमांकही तोच, ४/१०२. फरक फक्त चित्राजवळच्या ‘२५’ या छोट्या बोधचिन्हाचा. ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातीत छायाचित्र जरा धूसर असले की २०२१ चे कार्ड १९९९ चे म्हणून खपवणे अवघड राहत नाही.

छपाईतल्या चुकांचीही स्वतंत्र किंमत आहे. याच संचातील पिकाचूचे गाल आधी लाल छापले गेले, नंतर पिवळे केले गेले. लाल गालांचा पिकाचू अधिक महाग. १९९९ मध्येच आलेल्या ‘जंगल’ संचातील काही चकाकत्या कार्डांवर संचाची खूणच छापायची राहून गेली. तीही आज जास्त भावाने जातात. दुसऱ्या कोणत्याही वस्तूत अशी चूक असती तर गिऱ्हाईकाने ती दुकानदाराच्या तोंडावर फेकली असती.

शिक्का असला म्हणजे झाले?

नाही, आणि इथे अनेकांची निराशा होते. याच संचात मचॅम्प नावाचे ८/१०२ क्रमांकाचे कार्ड आहे. ते बंद पाकिटातून नव्हे, तर दोन खेळाडूंसाठीच्या सुरुवातीच्या खोक्यातून मिळत असे आणि त्या जवळपास सगळ्याच कार्डांवर ‘फर्स्ट एडिशन’चा शिक्का आहे. नंतरच्या, सावली असलेल्या छपायांवरसुद्धा. त्यामुळे शिक्का असूनही बहुतेक मचॅम्प अगदी सामान्य आहेत. दर काही दिवसांनी जगात कुठे तरी कोणी तरी माळ्यावरचा मचॅम्प काढतो, शिक्का पाहून हरखतो आणि किंमत कळल्यावर तो परत डब्यात ठेवतो.

शिक्का, सावली, वर्ष आणि क्रमांक या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच पुढची चर्चा.

आणि त्यापुढची चर्चा असते कार्डाच्या अवस्थेची. पीएसए ही अमेरिकी कंपनी १९९१ पासून कार्डे तपासून १ ते १० गुण देते आणि प्लास्टिकच्या बंद पेटीत सील करते. कोपरे टोकदार आहेत का, कडांना पांढरे टवके आहेत का, पृष्ठभागावर ओरखडे आहेत का, चित्र बरोबर मध्यभागी छापले आहे का, हे पाहिले जाते. फर्स्ट एडिशन चारिझार्डपैकी पीएसएकडून पूर्ण १० गुण मिळालेली कार्डे जगभरात सव्वाशेच्या आसपास आहेत. मार्च २०२२ मध्ये त्यातले एक लिलावात ४ लाख २० हजार डॉलरना गेले, तेव्हाच्या दराने तीन कोटी रुपयांहून अधिक किमतीला. मोबाइलवर दिसणारे आकडे असतात ते या सव्वाशेतल्या एखाद्याचे. एक गुण कमी झाला तरी किंमत धाडकन खाली येते. अनलिमिटेड छपाईचे, खेळून कडा झिजलेले कार्ड त्या रकमेच्या जवळपासही फिरकत नाही.

चारिझार्डहून महाग कार्डेही आहेत. ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे कार्ड कधी विकायला आलेच नाही. १९९७-९८ मध्ये जपानच्या कोरोकोरो मासिकाने घेतलेल्या चित्रस्पर्धांतील विजेत्यांना ते देण्यात आले, अशा प्रती ३९. अमेरिकी यूट्यूबर लोगन पॉल याने २०२१ मध्ये त्यातली १० गुणांची एकमेव प्रत ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजून घेतली. खासगी व्यवहारातील तो तेव्हाचा विक्रम. २०२२ मध्ये रेसलमेनियाच्या आखाड्यात तो हेच कार्ड गळ्यात घालून उतरला. ज्यांचे बालपण डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे खेळण्यात गेले, त्या ठाणे-डोंबिवलीकरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

ही दुर्मीळता खरी की बनवलेली?

थोडी खरी, बरीचशी बनवलेली. १९९९ ची कार्डे मुलांनी खिशात कोंबली, रबर लावून ठेवली, पावसात भिजवली. त्यामुळे त्यातली चांगली उरलेली कार्डे खरोखरच कमी आहेत. आज तसे नाही. आज पाकीट फोडणारा हातमोजे घालून फोडतो आणि कार्ड लगेच प्लास्टिकच्या कव्हरात सरकवतो. कंपनीच्या आकडेवारीनुसार मार्च २०२५ पर्यंत साडेसात हजार कोटींहून अधिक पोकेमॉन कार्डे छापली गेली होती. त्यातली हजार कोटींहून जास्त एकाच वर्षातली. एवढ्या छपाईतून एखादे कार्ड ‘दुर्मीळ’ राहते ते केवळ कंपनीने त्याचे प्रमाण कमी ठेवले म्हणून. आजचे नवे पाकीट पंचवीस वर्षे कपाटात ठेवले की १९९९ सारखी किंमत येईल, असे सांगणारे व्हिडीओ मराठी-हिंदीतही भरपूर आहेत. ते हा फरक सांगत नाहीत.

करोनाकाळात घरी बसलेल्या तरुणांनी जुने छंद उकरून काढले आणि बाजार तापला. २०२१ च्या वसंतात पीएसएला कार्डांचा ओघ न झेपल्याने नवी कार्डे घेणे काही काळ थांबवावे लागले. मे २०२१ मध्ये कार्डांवरून झालेल्या मारामारीनंतर अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतून त्यांची विक्रीच स्थगित केली. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमध्ये मॅकडोनाल्डने मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉन कार्डे दिली. फेरविक्री करणाऱ्यांनी ढिगाने जेवण विकत घेतले, कार्डे काढून घेतली आणि अन्न तसेच टाकून दिले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

बंद पाकीट हा सोडतीचाच प्रकार नव्हे का, हा प्रश्न जुना आहे. १९९९ मध्येच अमेरिकेत काही पालक निन्टेंडोविरुद्ध न्यायालयात गेले होते. हा मुलांकडून खेळवला जाणारा जुगार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अशा प्रकारच्या कार्डांच्या खटल्यांत २००२ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने पालकांच्या विरोधात निकाल दिला. ज्याने पाकिटाचे पैसे दिले त्याला पाकीट मिळाले, मग नुकसान कसले, असा त्याचा आशय. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेलही. पण दहा पाकिटे फोडून काहीच न निघाल्यावर अकराव्यासाठी हट्ट करणाऱ्या मुलाच्या आई-बापांना ते पटणे कठीण.

खोपटच्या दुकानातील सोनेरी कार्डांचे काय?

ती नकली आहेत. हे सरळ सांगायला हवे, कारण अनेक पालक ‘साधी असतील, पण खरी असतील’ असे समजून असतात. साधा हिशेब करून पाहावा. अस्सल पाकिटात १० कार्डे असतात आणि ते अमेरिकेतच साडेचार डॉलरच्या आसपास विकले जाते. आयातीचा खर्च त्यावर वेगळा. पंचावन्न अस्सल कार्डे अडीचशे रुपयांत येणे शक्यच नाही.

अस्सल कार्ड जाड कागदाचे असते आणि त्याच्या दोन थरांमध्ये काळपट थर असतो. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरले तर प्रकाश फारसा आरपार येत नाही. नकली कागदी कार्डातून तो सहज येतो. मागच्या बाजूचा निळा रंग फिकट किंवा जांभळट असणे, अक्षरे कमी-जास्त जाड असणे, ताकदीचे आकडे हजारांत असणे या नेहमीच्या खुणा. सोनेरी प्लास्टिकबाबत एवढेही करायची गरज नाही. कंपनीने धातूची सोनेरी कार्डे काढली आहेत, उदाहरणार्थ २०२१ मधील सेलिब्रेशन्सच्या महागड्या खोक्यातील चारिझार्ड आणि पिकाचू. पण ती जड धातूची आहेत, ताशासारखी फडफडणारी नाहीत.

सोनेरी म्हणजे मौल्यवान हा समज मुळातच या बाजारात टिकत नाही. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत बर्गर किंगने सोन्याचा मुलामा दिलेली सहा पोकेमॉन कार्डे दोन डॉलरला विकली होती. ती अस्सल होती आणि तिला खरोखर सोने लावलेले होते. ती एवढ्या प्रमाणात खपली की आज त्यांना फारसे कोणी विचारत नाही. त्याच वर्षीचा कागदी चारिझार्ड मात्र कोटींत गेला.

नकली मालावर बोधचिन्ह वापरणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. मात्र चार रुपयांच्या कार्डासाठी कोपऱ्यावरच्या दुकानदारावर कारवाई होणे दूरची गोष्ट. आणि मुलांना अदलाबदल करून खेळायलाच हवी असतील तर या कार्डांनी कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते त्यांची किंमत लाखांत आहे असे कोणी सांगू लागल्यावर.

घरात जुने कार्ड सापडले तर?

भारतात पोकेमॉन मालिका २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली. तेव्हाच्या मुलांकडे असायचे ते चीटोजच्या पाकिटातील तझो, म्हणजे प्लास्टिकच्या गोल चकत्या. ती या संचातील कार्डे नव्हेत. मात्र एक शक्यता उरते. १९९९-२००० मध्ये वायटूकेच्या कामासाठी डोंबिवली-ठाण्यातून बरेच संगणक अभियंते अमेरिकेला गेले होते. सुट्टीवर येताना भाच्या-पुतण्यांसाठी चॉकलेटसोबत तिथल्या मुलांची आवडती पाकिटे आणली गेली असतील तर ती नेमकी याच छपाईतली. असे कार्ड हाती आले तर पुसू नये, चिकटपट्टी लावू नये, घडी तर अजिबात नको. आधी खालचा क्रमांक आणि तळाची वर्षे पाहावीत, मग सावली आणि शिक्का.

प्रमाणपत्र असलेल्या कार्डाबाबतही डोळे झाकून विश्वास नको. २०२५ च्या सुरुवातीला खेळाच्या जन्माआधीची, १९९६ ची चाचणी-कार्डे म्हणून हजारो डॉलरना विकली गेलेली काही कार्डे संग्राहकांनीच उघडी पाडली. रंगीत प्रिंटर कागदावर जे जवळपास न दिसणारे पिवळे ठिपके सोडतात, त्यांतून छपाईची तारीख निघाली २०२४ ची. ही कार्डे सीजीसी या नामांकित संस्थेने तपासून सीलबंद केलेली होती.

विकायला काढल्यावरचा धोका निराळा आणि तो ठाणेकरांच्या ओळखीचा. वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, ७८६ च्या नोटेला पाच लाख असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांत बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्यास सांगितले होते. कार्डाच्या बाबतीतही पद्धत तीच असते. खरेदीदार भाव न करता होकार देतो, मग नोंदणी शुल्क, सीमाशुल्क, विमा अशा नावांखाली आधी विकणाऱ्याकडूनच पैसे मागतो. नाही तर ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी ना स्कॅन करावे लागते ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. असे घडल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.